पाठ टेकली तरी लढत संपत नाही : एमएमए शिकतानाचे पहिले महिने

गोदाकाठची

नमस्कार. एमएमए (ठोसे, लाथा, पकडी सगळं असलेली मिश्र युद्धकला) शिकण्याबद्दल मराठीत जे थोडंफार सापडतं ते मुंबई-पुण्याचं असतं, म्हणून छत्रपती संभाजीनगरातून लिहिते आहे. माहेर गंगाखेड, वय तिशीपुढचं, नोकरी बसून करायची. शाळेतला खो-खो सोडला तर खेळाचा अनुभव नाही. गेल्या पावसाळ्यात वर्गात नाव घातलं आणि अजून जाते आहे. नव्याने सुरू करणाऱ्यांना उपयोग व्हावा आणि जाणकारांकडून मलाही शिकायला मिळावं, म्हणून हा धागा.

आमचा वर्ग दुकानांच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली भरतो. दोन दिवस उभ्याचं काम: ठोसे, लाथा, गुडघे. दोन दिवस जमिनीवरचं: पाडणं, दाबून धरणं, सुटणं, गळा आणि सांधे. शनिवारी दोन्ही जोडून. बाहेरून वाटतं की ठोसे मारायलाच शिकवत असतील. प्रत्यक्षात बराच काळ पाय कुठे ठेवायचे, हनुवटी खाली कशी ठेवायची आणि मारलेला हात तेवढ्याच वेगाने गालापाशी परत कसा आणायचा, यातच जातो. समोरून हात आला की डोळे मिटतात. हे सगळ्यांचंच होतं. त्यावर सरांनी दिलेला सराव मला फार आवडला. जोडीदार उघड्या हाताने आपल्या कपाळाला नुसता स्पर्श करत राहतो, जोर अजिबात नाही, आणि आपण डोळे उघडे ठेवून श्वास सोडत राहायचं. काही आठवड्यांनी डोळे उघडे राहायला लागतात. मग येणारा हात दिसतो, आणि दिसला की टाळता येतो.

पण मला खरं लिहायचंय ते जमिनीवरच्या कामाबद्दल.

पहिल्या दिवशी, पडायला शिकवायच्याही आधी, सरांनी टॅप करायला, म्हणजे हार मानल्याची खूण करायला शिकवलं. जोडीदाराच्या अंगावर हाताने दोन-तीनदा थाप मारायची. हात अडकले असतील तर पायाने मॅटवर, नाहीतर तोंडाने सांगायचं. थाप आली की त्या क्षणी सोडायचं. त्या संध्याकाळी आम्ही बाकी काहीच केलं नाही. हळूहळू पकड लावायची, थाप, सोडायचं, पुन्हा. मला तेव्हाच या वर्गाबद्दल विश्वास वाटला.

पुढे गार्ड आलं. आपण पाठीवर आणि समोरचा आपल्या दोन पायांच्या मध्ये. बघणाऱ्याला वाटतं खालचा हरला. तसं नसतं. खालच्याचे पाय अंतर ठरवतात, वरच्याचा तोल मोडतात, आणि तिथूनच त्याचा हात किंवा गळा सापडतो. मला लहानपणापासून जत्रेत बघून एवढंच माहीत होतं की पाठ लागली म्हणजे संपलं.

आमच्यात बीड जिल्ह्यातला एक मुलगा आहे, तालमीत वाढलेला. त्याच्यासमोर वर्गातलं कुणी उभं राहत नाही. पट काढतो, म्हणजे पाय धरून पाडतो, तेव्हा माणूस कधी जमिनीवर आला ते कळत नाही. पण जमिनीवर अडचणीत आला की तो दर वेळी पालथा होतो, छाती मॅटला चिकटवतो, कोपरं आत घेतो. सरांनी एकदा मला त्याच्या पाठीवर बसवलं, माझे पाय त्याच्या मांड्यांत आतून अडकवायला लावले आणि गळ्याभोवती हात कसा जातो ते दाखवलं. वजनात तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी त्याला थाप मारावी लागली. याला रिअर नेकेड चोक म्हणतात. यात श्वासनलिका दाबायची नसते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दंड आणि पुढच्या हाताच्या मध्ये येतात, आणि नीट बसला तर दहा सेकंदांच्या आत-बाहेर शुद्ध जाते. म्हणून थाप लवकर मारायची. तो मुलगा उठून लगेच म्हणाला, "ताई, परत लावा, कुठून शिरला हात ते बघू द्या." त्याचा हा स्वभाव मला फार मोठा वाटतो.

प्रश्न दोन. जड माणूस छातीवर बसला की माझा श्वास आखडतो, त्यावर काय करावं? आणि मान मजबूत करायला घरी काय करता येईल?

तांबडी_माती

ताई, लई मन लावून लिवलंय. मी लातूर जिल्ह्यातला, आता साठी उलटली, पण हौद्यात उतरून पोरांना सांगायचं सुटलं नाही.

तुमच्या त्या बीडच्या पोराचं काही चुकत नाही. जत्रेच्या कुस्तीला गुण नसतात, बऱ्याचदा घड्याळही नसतं. हलगी वाजायली, दोघं भिडले, ज्याची पाठ लागली तो गेला. मॅटवरच्या कुस्तीत गुण असतात, पण तिथंबी दोन्ही खांदे टेकले की खेळ खल्लास. त्यामुळं पोरगं आठ-नऊ वर्षांचं असल्यापासून एकच शिकतंय, काहीबी होऊ दे, पाठ देऊ नको, पालथा हो, मातीला चिटक. वरचा घिस्सा मारील, सवारी घालील, पण पालथ्यात वाचायला जागा असती. हे डोक्यात नसतं, अंगात असतंय. ते काढायला वेळ लागणार, त्याला घाई करू नका म्हणावं.

आणि त्याच्याकडून पट शिकून घ्या. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक (कमरेवरून फेकायचा डाव), आतली टांग. हे आपल्या भागाचं धन हाय. पाटोद्याचा राहुल आवारे इथल्याच मातीतून २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेऊन आला, २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. काका पवार लातूर जिल्ह्यातले, ग्रीको-रोमनचे. दोघंबी हरिश्चंद्र बिराजदार वस्तादांच्या हाताखाली तयार झालेले, आणि वस्ताद आमच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे.

मानेचं सांगतो. तालमीत पोरं डोकं टेकवून मानेवर अंग तोलतात. ते लहानपणापासून केलेल्याचं काम. तुम्ही तिशीत सुरू केलंय, ते करू नका. कपाळाला तळहात लावा, डोकं पुढं रेटा, हातानं अडवा. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. एवढं रोज करा. जोर-बैठका आहेतच.

एक विचारू का, राग मानू नका. पोरींची जोड पोरांबरोबर लावतात, त्याला घरच्यांचं काय म्हणणं?

परभणीचा_पुण्यात

धागा वाचून फार आनंद झाला. मी पुण्यात काही वर्षं जिऊ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींची युद्धकला) करतो. काकांनी कुस्तीची बाजू सांगितली, मी दुसऱ्या बाजूने भर घालतो.

१२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, आज एमएमएतली सगळ्यात नावाजलेली स्पर्धा. तेव्हा वजनी गट नव्हते. कोणती युद्धकला सरस हेच बघायचं होतं. साधारण ८० किलोच्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवलं, तिघांनीही थाप मारून हार मानली. त्याच्या घराण्याचं जिऊ-जित्सू आलं मित्सुयो माएदा या जपानी ज्युदोपटूकडून, जो ब्राझीलमध्ये स्थायिक झाला होता. त्या रात्रीनंतर जगाला कळलं की पाठीवर पडलेला माणूस धोकादायक असू शकतो.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढच्या काही वर्षांत कुस्तीगीर चोक आणि आर्मबार (कोपर उलटं ताणायची पकड) टाळायला शिकले आणि बाजी त्यांच्याकडे आली. खबीब नुरमागोमेदोव्ह २९ लढती जिंकून, एकही न हरता २०२० मध्ये निवृत्त झाला, आणि त्याचा पाया कुस्ती व सांबो या रशियन कुस्तीप्रकाराचा. समोरच्याला पिंजऱ्याच्या जाळीला दाबायचं, पाडायचं, उठू द्यायचं नाही. आपल्या मातीतल्या पैलवानाला हे बघताना परकं वाटणार नाही.

आपल्याकडची दोन उदाहरणं आहेत. महाराष्ट्रातला कुस्तीगीर भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत लढला, सोंग याडोंगने त्याला गिलोटिनमध्ये (समोरून मान काखेत धरून गळा आवळायची पकड) पकडलं. रितू फोगाट डिसेंबर २०२१ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए संस्थेच्या ग्रां प्री स्पर्धेच्या अंतिम फेरीत होती. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, मूळची मुएथाईची, म्हणजे थाई किकबॉक्सिंगची. तिने रितूला खालून आर्मबार लावला. दोघांचीही कुस्ती अस्सल होती. कुस्तीत गळा आणि कोपर यांना कुणी हात लावत नाही, म्हणून ते राखायची सवय शरीराला नसते.

म्हणून तुमच्या त्या मित्राला सांगा की पट काढताना डोकं समोरच्याच्या काखेखाली बाहेर राहिलं तर गिलोटिन बसतो. डोकं छातीला चिकटलेलं, नजर वर. पट तोच, डोक्याची जागा तेवढी बदलायची. आणि पालथा होण्याऐवजी कुशीवर वळून गुडघा मध्ये घालायला शिक म्हणावं.

छातीवर वजन आलं की श्वास आखडतो कारण आपण हात लांब करून ढकलतो. ढकलू नका. कोपरं बरगड्यांशी ठेवा, एका कुशीवर वळा, पोटाने लहान लहान श्वास घ्या. सपाट पाठीवर राहिलात तर पूर्ण वजन पडतं, कुशीवर बरंचसं मॅटवर जातं. जोडीदाराला सांगा, "नुसता बस, काही करू नकोस," आणि तसेच दोन-तीन मिनिटं श्वास मोजत राहा. याने भीती जाते, माझी याच सरावाने गेली.

जालन्याची_आई

ताई, मी तुमचा धागा दोनदा वाचला. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, नववीत. दिवसभर मोबाइलवर याच लढती बघतो आणि मला क्लास लावा म्हणतो. मला त्यातलं रक्त बघवत नाही. पण तो मैदानावर जायचं म्हणतोय याचा आनंदही आहे. काय करू?

शांत_वाचक

मला हा प्रकारच पटत नाही. खाली पडलेल्या माणसाच्या तोंडावर ठोसे मारायचे आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. आपल्याकडे कुस्तीनंतर जिंकणारा हरणाऱ्याला उचलून मिठी मारतो. त्या मुलाला तालमीत घाला.

फिजिओ_नांदेड

@शांत_वाचक, तुमची काळजी रास्त आहे. आता नियम १९९३ सारखे राहिलेले नाहीत. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, विजेतेपदाच्या लढतीला पाच. डोक्याने मारणं, डोळ्यात बोट, डोक्याच्या मागच्या बाजूला मारणं, जांघेत मारणं, खाली असलेल्याच्या डोक्याला लाथ, हे सगळं बाद. तरीही डोक्याला मार बसतो, ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. वर्गात शिकणं आणि पैशासाठी लढणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात येणारे बहुतेक लोक कधीच स्पर्धेत उतरत नाहीत.

जालन्याच्या ताईंसाठी थोडं सविस्तर. चौदाव्या वर्षी डोक्यावर ठोसे नकोतच. कुस्ती किंवा ज्युदो लावा. दोन्ही शालेय क्रीडा स्पर्धांत आहेत, त्यामुळे शाळेकडून खेळता येईल. एमएमएचा पाया तोच आहे. पाडणं, तोल, पकड, दम हे सगळं तिथे मिळतं, आणि अठराव्या वर्षी त्याला हवं असेल तर ठोसे शिकायला उशीर झालेला नसतो.

आता मोठ्यांसाठी. डोक्याला मार लागून डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, उजेड सहन न होणं यातलं काहीही झालं तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर जायचं नाही, शुद्ध गेली नसली तरी. डॉक्टरला दाखवायचं आणि टप्प्याटप्प्याने परतायचं. हेडगार्डमुळे कातडी फाटणं कमी होतं, पण मेंदू आत हलायचा तो हलतोच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष मुष्टियोद्धे हेडगार्डशिवाय लढले, ते उगाच नाही. माउथगार्ड मात्र पहिल्या दिवसापासून, उकळून दातांवर बसवायचा.

कानाबद्दल काकांना पटेल की नाही माहीत नाही. घासून कान सुजला तर कूर्चा आणि तिच्यावरच्या आवरणाच्या मध्ये रक्त साचतं. ते पहिल्या काही दिवसांत डॉक्टरकडून काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. नंतर ते घट्ट होतं आणि कान तसाच राहतो.

आणि गजकर्ण. माझ्याकडे तालमीतली आणि क्लासमधली मुलं सांध्यांसाठी येतात, आणि मांडीवर, मानेवर चट्टे घेऊन येतात. मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावतात. खाज थांबते आणि चट्टा पसरतो. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण घ्या, आणि तोवर मॅटवर जाऊ नका.

औंढ्याचा

मी सोडलेला माणूस आहे, म्हणून लिहितो. ज्या शहरात नोकरीला होतो तिथे एका क्लासला गेलो. पहिल्याच आठवड्यात जुन्या मुलासमोर उभं केलं आणि "बघू किती दम आहे" म्हणाले. टॅप वगैरे कुणी शिकवलंच नाही. कोपर लचकलं ते कितीतरी दिवस बरं झालं नाही. मी समजत होतो हा खेळच असा आहे. गोदाकाठची ताईंनी पहिल्या दिवसाबद्दल लिहिलंय ते वाचून वाटलं की मला खेळ मिळालाच नव्हता. हिंगोली जिल्ह्यात कुठे चांगलं शिकवत असतील तर कळवा.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. कुशीवर वळून श्वास घ्यायचा सराव करून पाहिला, लगेच फरक जाणवला.

@औंढ्याचा, तुमचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या बाजूचं मला ठाऊक नाही, पण कुठेही नाव घालण्याआधी एक तास नुसतं बसून बघा. नवीन माणसाला किती दिवसांनी स्पॅरिंगला (सरावाच्या लढतीला) घेतात ते विचारा. थाप आल्यावर जुनी मुलं किती लवकर सोडतात ते बघा. स्पॅरिंगमध्ये कुणी चिडून जोर वाढवला तर शिकवणारा मध्ये येतो का, हे सगळ्यात महत्त्वाचं. आणि मॅट कधी पुसतात. आमच्याकडे पाण्याची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. जायकवाडी जवळ असून नळ कित्येक दिवसांनी येतो. तरी सर बादलीभर पाण्यात जंतुनाशक घालून रोज मॅट पुसून घेतात, पाळी लावलेली आहे. घरून आंघोळ करून, नखं कापून यायचं, आणि चप्पल मॅटच्या कडेपर्यंत. ज्या ठिकाणी हे पाळतात तिथे बाकीचंही पाळतात असा माझा अनुभव.

@तांबडी_माती काका, राग कशाला? प्रश्न खरा आहे. पहिले काही आठवडे माझी जोड फक्त मुलींबरोबर होती, आम्ही तिघीच होतो. नंतर सरांनी प्रत्येकीला विचारून जोड्या लावल्या आणि नको म्हणायची मोकळीक कायम ठेवली. सासूबाईंना मी स्वतःच घेऊन गेले. त्या भिंतीशी खुर्ची घेऊन पूर्ण वेळ बसल्या. घरी येऊन म्हणाल्या, "ती पोरं बरी आहेत, पण तुझं खाणं कमी पडतंय." तेव्हापासून डब्यात भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी वाढली आहे. जड पुरुषाच्या खालून सुटायचा सराव मला पुरुषाबरोबरच करायला हवा, हे मी त्यांना सांगितलं आणि ते त्यांना चटकन पटलं. बाईमाणसाला ते का पटतं हे इथे लिहायची गरज नाही.

जून २०२४ मध्ये मुजफ्फरनगरकडची पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, तेव्हा वर्गातल्या मुलींनी ती लढत पुन्हा पुन्हा पाहिली. मी लढणार नाही, पण ५२ किलोच्या गटातली आपली एक मुलगी तिथे उभी राहिली, याचा या पत्र्याखालच्या मुलींवर परिणाम होतो. मी तो रोज बघते.

उन्हाळ्याचं राहिलं. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली संध्याकाळी उभं राहवत नाही. पारा ४२ च्या पुढे गेला की सर सकाळी सहाला बोलावतात आणि फेऱ्या लहान करतात. पाण्यात मीठ-साखर घालून न्यायचं.

बीडच्या मुलाला मी काकांचा आणि परभणीकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्याने डोक्याची जागा बदलून पट काढला आणि सरांना तो गिलोटिन लावता आला नाही. तो विचारतोय, ढाक मारताना आपली पाठ समोरच्याकडे जाते, तर एमएमएत ढाक वापरावी का?

तांबडी_माती

वापरावी, पण अर्धवट नको. ढाकेला कमरेत शिरायचं, अन् शिरलं की पूर्ण फिरवून टाकायचं. मधेच थांबला तर वरचा पाठीवर चढतोय, तालमीतबी चढतो, फक्त आमच्याकडं तो गळा धरत नाही. आधी हात पक्का धर, मग शिर. हात सुटायलाय असं वाटलं तर शिरूच नको, त्यापेक्षा पट बरा.

तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. महाशिवरात्रीला लातूरला सिद्धेश्वराची जत्रा असते, तिथं कुस्त्या होतात. वर्गातल्या पोरा-पोरींना घेऊन या, फडाच्या कडेला बसायची सोय मी करतो.

फिजिओ साहेब, कानाचं पटलं. आमच्या वेळी फुटका कान म्हणजे पैलवानाची खूण होती, म्हणून कुणी दवाखान्यात गेलंच नाही.

परभणीचा_पुण्यात

काका, ढाकेबद्दल तंतोतंत. आम्हालाही हेच सांगतात.

जालन्याची_आई

मुलाला फिजिओंचा प्रतिसाद वाचायला दिला. आधी तोंड फुगवलं, मग राहुल आवारेच्या लढती शोधून बघत बसला. इथल्या तालमीत विचारून आले, वस्ताद म्हणाले सकाळी साडेपाचला पाठवा. काका, कान झाकायचं कव्हर मिळतं ते तालमीत घालू देतात का?

तांबडी_माती

मॅटवर घालू देतात, घालू द्या. मातीत कुणी घालत नाही, माती आत जाऊन घासतं. सुरुवातीला त्याला जोर-बैठका अन् लोळणंच करायला लावतील, त्याला कान लागत नाही. कुस्ती धरायला लागला की वस्तादांना सांगा, पोरगं मॅटवर कव्हर घालील म्हणून. अन् लंगोट दोन घ्या, एक रोज धुवायला.